रस्त्यापासून दोन फूट

इकबालभाई आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते चपला दाराबाहेर काढून. श्रीवर्धनला औषधांच्या दुकानाच्या वर माझं, एका आर्किटेक्टचं, दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथे कंत्राटदार चिखलाच्या बुटांनिशी आत येतात, घरमालक येतात, मीसुद्धा चपला घालूनच वावरते. "असू द्या हो," मी म्हटलं. ते म्हणाले, "सवय आहे, मॅडम," आणि अनवाणीच संगणकापुढे बसले. पुढे जितकी वर्षं ते आमच्याकडे होते तितकी वर्षं त्यांच्या चपला दाराबाहेर भिंतीला समांतर ठेवलेल्या असायच्या. त्या दिसल्या की जिन्यातच कळायचं, भाई आले.

उंच, हडकुळा माणूस. पन्नाशी उलटलेली. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. घरून थर्मासमधून बिनदुधाचा चहा आणायचे आणि तो दिवसभर थोडा थोडा प्यायचे. आखातात त्यांनी वीसेक वर्षं काढली होती, उंच उंच इमारतींच्या नकाशांच्या कामावर. मग एक दिवस परत आले ते कायमचेच. का परत आलात, असं मी विचारलं तेव्हा चष्मा काढून त्यांनी नाकाचा वरचा भाग चोळला आणि म्हणाले, "थकलो." बाहेर ऊन आहे, असं सांगावं तितक्या साधेपणाने. तक्रार नाही, खुलासा नाही.

आम्ही तेव्हा नुकतेच सपाट नकाशे सोडून आख्खं घर संगणकात उभं करायला लागलो होतो. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढण्याआधी उंच्या ठरवाव्या लागतात. जमीन कुठे, जोतं कुठे, लादी कुठे, स्लॅब कुठे, गच्ची कुठे. प्रत्येक उंचीची एक आडवी रेघ. तिला लेव्हल म्हणतात. मग भिंती, दारं, खिडक्या, जिने हे सगळं त्या रेघांना टांगलेलं असतं. रेघ वर सरकवली की घर वर सरकतं. रेघ चुकली तर पडद्यावर घर छानच दिसतं. चूक कळते ती गवंडी कामाला लागल्यावर.

मी त्यांना माझी एक चालू फाइल उघडून दिली. उंच्यांची यादी त्यांनी वरून खाली पाहिली. 'लेव्हल १', 'लेव्हल २', 'लेव्हल २ कॉपी', 'लेव्हल २ कॉपी नवीन'. थर्मासमधला चहा ओतून घेतला, खिडकीशी उभं राहून संपवला आणि परत येऊन म्हणाले, "मॅडम, या घरात राहणारा माणूस 'कॉपी नवीन'वर झोपणार का?"

दोन दिवस त्यांनी एक भिंतसुद्धा काढली नाही. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. मालकाचे फोन येत होते, मी वैतागले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी यादी दाखवली. नावं सगळी मराठीत होती. 'अंगण', 'जोतं', 'ओटा', 'घरातली लादी', 'मागची पडवी', 'माळा'. म्हणाले, "तिकडे इंग्रजीत लिहायचो, कारण तिकडे कोणाचीच भाषा एक नव्हती. इथे मिस्त्रीला विचारलं, ओट्यापासून किती, तर त्याला कळतं. लेव्हल टू कोणाला कळतं?"

आणि सगळ्यांत खाली एक रेघ होती. तिचं नाव 'शून्य'.

शून्यावरून त्यांचे सगळ्यांशी वाद व्हायचे. आमच्याकडे सगळे रस्त्यापासून मोजतात. जोतं रस्त्यापासून दोन फूट, तीन फूट. इकबालभाई रस्ता मानायचे नाहीत. रस्त्याचं काम निघालं की जुना थर खरवडत नाहीत, त्याच्यावरच नवा टाकतात. दर चार-दोन वर्षांनी रस्ता वीतभर चढतो आणि शेजारची घरं तेवढी खाली जातात. "जी वस्तू उद्या कोणी उचलणार न्हाय, तिला शून्य म्हणायचं," ते म्हणायचे. प्रत्येक नव्या जागेवर ते आधी अशी वस्तू शोधत फिरायचे. कुठे विहिरीचा कठडा, कुठे देवळाची पायरी, कुठे मशिदीतल्या हौदाची कड. तिच्यावर रंगाची खूण करायची आणि सगळ्या उंच्या तिथून मोजायच्या. समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी लिहायची, या खुणेपासूनची वेगळी, आणि दोन्हींचा घोळ करायचा नाही. एवढं त्यांचं शास्त्र. ते कोणालाही सांगताना त्यांचा आवाज कधी वाढला नाही. फक्त तेच तेच सांगून दमल्यासारखे दिसायचे.

आखाताबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच त्यांनी तिथली गंमत सांगितली, तीही न हसता. एका इमारतीच्या मालकाला तेरा आकडा अशुभ वाटायचा म्हणून बाराव्यानंतर थेट चौदावा मजला आला. नकाशे करणाऱ्यांनी नवे आकडे लावले, लिफ्टवाल्यांनी जुनेच ठेवले. "एक दिवस मी आणि तो लिफ्टवाला इंजिनिअर एकमेकांना शोधत होतो," ते म्हणाले. "मी फोनवर सांगतो, चौदाव्यावर उभा आहे. तो सांगतो, मी तेराव्यावर. दोघं वर-खाली फिरून दमलो. शेवटी बघतो तर खांबाच्या त्या बाजूला तो आणि या बाजूला मी. एकाच लादीवर."

"मग?"

"मग काय. जेवायची सुट्टी संपली होती."

त्यांची एक सवय मात्र सगळ्या तालुक्यात माहीत झाली होती. घर बांधून झालं की ते त्या घराचा जिना डोळे मिटून चढायचे. एक हात भिंतीला, अनवाणी, हळूहळू. सगळ्या पायऱ्या सारख्या असतील तर पाय आपोआप पडत जातो. स्लॅबवर लादी किती जाड बसणार हे आधी धरलं नसेल, तर सगळ्यांत वरची पायरी उरलेल्या पायऱ्यांपेक्षा वेगळी होते आणि तिथे पाय चाचपडतो. म्हातारी माणसं नेमकी तिथे पडतात. जोशीकाका म्हणून आमचे एक सुपारीचे बागायतदार होते, त्यांच्या वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे जेवत असताना इकबालभाई असे डोळे मिटून जिना चढले. जोशीकाकू मला हळूच म्हणाल्या, "यांना बरं नाही का?" वर पोचल्यावर त्यांनी डोळे उघडले, पसंतीची मान हलवली आणि खाली येऊन मुकाट जेवायला बसले. जोशीकाकांना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतः जाऊन दुसरी जिलबी वाढली.

त्याच जोशीकाकांनी सुरुवातीला आम्हाला फार छळलं होतं. त्यांचं म्हणणं एकच. जोतं शेजारच्या चुलतभावापेक्षा एक इंच तरी वर पाहिजे. पाण्याचं काय ते तुम्ही बघा, पण एक इंच पाहिजेच. इकबालभाईंनी शांतपणे विचारलं, "आणि उद्या त्यांनी वाढवलं तर?"

"तर आपण वाढवू."

"काका, घर आहे. पतंग न्हाय."

जोशीकाका हसले. पण इंच मात्र सोडला नाही. इकबालभाईंनी चुलतभावाचं जोतं खुणेपासून मोजून आणलं, मॉडेलमध्ये त्याची वेगळी रेघ घातली आणि जोशीकाकांना तिच्यावर एक इंच देऊन टाकला. "मागतात तर द्यायचं," मला म्हणाले. "एका इंचाने कोणाचं वाईट होत नाही. चांगलंही नाही."

त्यांचं स्वतःचं घर मी पाहिलं ते अगदी अवचित. श्रावणातले दिवस होते, रात्रभर पाऊस कोसळला होता आणि भाई कामावर आले नव्हते. फोन बंद. असं कधी होत नसे. मला म्हसळ्याला एका साइटवर जायचंच होतं आणि त्यांचं गाव त्याच रस्त्यावर, खाडीकडे जरा आत. दुपारी पाऊस थांबल्यावर मी गाडी तिकडे वळवली.

घर चांगलं मोठं होतं. चिऱ्याचं, दुमजली, पुढे लांबलचक ओटा. पण गाडीतून उतरले तेव्हा लक्षात आलं की मी वर उभी आहे आणि ओटा खाली. घरात जायला रस्त्यावरून उतरावं लागत होतं. आत घोट्याएवढं पाणी. इकबालभाई लुंगी खोचून रबरी झाडूने ते बाहेर लोटत होते. फ्रिज विटांवर चढवलेला, गाद्या टेबलावर. मला पाहून ते थबकले. मग पुन्हा पाणी लोटायला लागले.

"या मॅडम, बसा," त्यांची बायको सकीनाभाभी म्हणाली. "पाय वर घेऊन बसा. आमची सगळी अशीच बसतात." तिने पलंगावर जागा करून दिली आणि चहा ठेवायला गेली, पाण्यातून सपसप चालत, रोजचीच वाट असल्यासारखी.

"दरवर्षी?" मी विचारलं.

"दरवर्षी न्हाय," इकबालभाई म्हणाले. "मोठी भरती आणि पाऊस एका वेळेला आले की. आता जरा जास्त व्हायला लागलंय."

घराच्या मधल्या दारातून पलीकडचा अर्धा भाग दिसत होता. तिथेही एक म्हातारे गृहस्थ पाणी लोटत होते. पांढरी दाढी, इकबालभाईंसारखीच उंची. त्यांचे मोठे भाऊ उस्मानभाई. घर दोघांचं, अर्धं अर्धं.

त्या दिवशी तेवढंच बोलणं झालं. आठवड्याने ऑफिसात, पडद्याकडे बघतच, त्यांनी बाकीचं सांगितलं. घर बांधलं तेव्हा ते आखातात होते. पैसे ते पाठवत, उभं राहून बांधून घेतलं उस्मानभाईंनी. म्हातारे आईवडील सांभाळून, गवंड्यांच्या मागे धावून, रोज संध्याकाळी भिंतींना स्वतः पाणी मारून. एकदा फोनवर उस्मानभाई म्हणाले, जोतं रस्त्यापासून दोन फूट वर घेतलंय, बास ना? इकबालभाई म्हणाले, बास.

"तेव्हा मी तिथे एका इमारतीच्या उंच्या बघत होतो," ते म्हणाले. "मिलिमीटर मोजायचो. आणि घरचं विचारलं तर म्हटलं, बास. भाईची काही चूक न्हाय. तेव्हा रस्ता खालीच होता."

"त्यांना कधी बोललात?"

"काय बोलू?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. घराच्या पायात जॅक लावून आख्खं घर वर उचलणारी माणसं. बाहेरच्या राज्यातली टोळी होती, कोकणातही कामं करत होती. इकबालभाईंमध्ये मी एवढा उत्साह कधी पाहिला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी स्वतःच्या घराचं मॉडेल केलं. पहिल्यांदाच. गावातल्या जुन्या विहिरीचा कठडा शून्य धरला, दोन्ही अर्ध्या भागांच्या उंच्या घातल्या आणि मला हाक मारली. "बघा." जोत्याच्या रेघेसमोर त्यांनी नवा आकडा टाकला. भिंती, दारं, जिना, गच्ची, सगळं घर अलगद चार फूट वर गेलं. ते थोडा वेळ बघत राहिले. मग पुन्हा खाली आणलं, पुन्हा वर नेलं.

टोळीचा मुकादम घर बघायला आला त्या दिवशी त्यांनी मला येण्याची विनंती केली. "तुम्ही असलात तर भाई नीट बोलेल," म्हणाले. आम्ही सगळे ओट्यावर बसलो. मुकादमाने भिंती ठोकून पाहिल्या, पाया उकरून पाहिला, काम होईल म्हणाला. उस्मानभाई शांतपणे ऐकत होते. मुकादमाचं झाल्यावर त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं.

"म्हणजे घर चुकलं."

"घर न्हाय चुकलं, भाई. रस्ता वर आला."

"लोक विचारतील, का उचललं? मी काय सांगू?"

"सांग, पाणी येतं."

"पाणी येतं ते मला म्हायत हाय. तू यायच्या आधीपासून मी काढतोय." उस्मानभाईंचा आवाज चढला नाही. "हे जोतं घातलं तेव्हा तू इथे होतास? अब्बांची मय्यत या ओट्यावरून गेली, तेव्हा तू होतास? खांदा द्यायला माणसं कमी होती का, तेवढं फोनवर विचारलंस. मी म्हटलं, न्हाय, पुष्कळ आली. आता चार परकी माणसं येऊन माझं घर जॅकवर चढवणार. मी माझ्या भागाला हात लावू देणार न्हाय."

इकबालभाई खाली मान घालून बसले होते. मी मुकादमाला विचारलं, एकाच बाजूचं काम होईल का. तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, आधा घर नहीं उठता."

आतून सकीनाभाभी सरबत घेऊन आली ती दारातच थांबली.

"राहू दे," इकबालभाई म्हणाले. आणि मुकादमाला, "तकलीफ हुई आपको. माफ करना."

ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, त्यांचा राग ओसरला की पुन्हा बोलून बघा. त्यांनी चष्मा काढून पुसला. "न्हाय मॅडम. तो इथे होता, मी नव्हतो. त्याला आता मी काय लेव्हल सांगू?" ऑफिसातल्या संगणकावरचं ते मॉडेल त्यांनी पुसलं नाही, पण परत कधी उघडलेलंही मी पाहिलं नाही.

पुढे त्यांनी केलं ते आपल्याकडे सगळेच करतात. फक्त आपल्या अर्ध्या भागात, आतूनच भराव घातला. दुसऱ्या कोणाचं पाडलेलं घर होतं, त्याचे चिरे आणि खडी आणून खोल्या दोन-अडीच फूट भरल्या, वर काँक्रीट, वर लादी. दारं खालून कापली आणि त्यांच्या वरच्या भिंतीही फोडून घेतल्या, तरी इकबालभाईंना वाकूनच जावं लागे. छताचे पंखे काढावे लागले, कारण हात वर केला की पात्यांना लागत. खिडक्या गुडघ्याला आल्या. मधल्या दाराशी उस्मानभाईंच्या भागात उतरायला पायऱ्या बांधल्या. उस्मानभाई त्या दिवसांत भावाशी बोलत नव्हते. पण नवं काँक्रीट सुकू नये म्हणून त्याला रोज दुपारी पाणी मारायला लागतं, आणि इकबालभाई दुपारी ऑफिसात असत. सकीनाभाभीने मला सांगितलं, "भाईजान येतात. बादली घेतात, सगळ्या खोल्यांना पाणी घालतात, बादली उपडी ठेवून जातात. मी सलाम केला तर मान हलवतात. कोणी सांगितलं नव्हतं हो त्यांना."

"इकबालभाईंना माहीत आहे?"

"संध्याकाळी आले की लादी ओली दिसते. विचारत न्हायत."

त्यानंतर ते माझ्याकडे फार दिवस राहिले नाहीत. डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. पडद्यावरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या. माझीही कामं मांडव्याच्या बाजूला सरकत चालली होती, मुंबईकरांचे बंगले, ज्यांना बागेतली हिरवळ आणि दिवाणखाना एकाच पातळीत हवा असतो आणि पाऊस ज्यांच्या गणतीत नसतो. एका बैठकीत अशाच एका मालकाला इकबालभाई जोत्याचं समजावत होते. तो फोनमध्ये बघत होता. इकबालभाई मध्येच थांबले, आणि मी वाट पाहिली तरी त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. परतताना गाडीत म्हणाले, "मॅडम, आता बस करतो." मी थांबवलं नाही. त्यांचा थकवा मला कळत होता, थोडा माझाही झाला होता.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांना भेटले. म्हसळ्याहून येत होते, खाडीच्या बाजूचं पाणी रस्त्याच्या कडेला लागलं होतं. मला राहवलं नाही. गाडी उंचावर ठेवून चालत गेले.

इकबालभाईंच्या भागात लादी कोरडी होती. आणि खोली माणसांनी भरलेली. उस्मानभाईंची बायको कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. त्यांची धान्याची पोती, गॅसचा सिलिंडर, कपड्यांच्या पेट्या सगळं भिंतीला लावून ठेवलेलं. पलंगावर उस्मानभाई कुशीवर झोपले होते, तोंड भिंतीकडे. इकबालभाई मधल्या दाराच्या बुटक्या चौकटीखाली पाठ वाकवून उभे होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. भाई आताच झोपला. पहाटेपासून सामान चढवत होता."

सकीनाभाभीने चहा दिला. आम्ही कुजबुजत चार गोष्टी बोललो, त्यांच्या डोळ्यांचं, माझ्या कामाचं. भाऊ बोलायला लागले का, असं विचारावंसं वाटलं, पण मग विचारलं नाही. मधल्या दारातून पलीकडचा भाग दिसत होता. पाणी तिथे संथ उभं होतं, खालून पहिल्या पायरीच्या वर.

मी निघाले तेव्हा पाऊस पुन्हा लागला होता. उंबऱ्यावर छत्री उघडताना सहज मागे पाहिलं. इकबालभाई मधल्या दाराशी पायरीवर बसले होते. उस्मानभाईंच्या चपला खालच्या पायरीवरून सुटून पाण्यावर हळूहळू लांब चालल्या होत्या. त्यांनी वाकून, भिंतीला एक हात धरून, आधी एक ओढून घेतली, मग दुसरी. लुंगीच्या कडेला पुसल्या, आणि वर आपल्या लादीवर, पलंगाच्या पायथ्याशी, उठल्या उठल्या पाय पडेल अशा ठेवल्या.